नंबर कुणाचा टाकायचा?

मी नांदेडात लहान धंदेवाल्यांच्या वेबसाइट बनवते. आमच्याकडं सगळे 'साईट' म्हणतात, मीही साईटच म्हणणार. या अंकाच्या संपादकांचा निरोप आला, "लहान धंद्याची चांगली साईट कशी असावी, तुमच्या अनुभवातून सोपं करून लिहा, वाचकांना उपयोग होईल." लिहिते. पण गोडगोड हवं असेल तर दुसरं कुणी बघा, हे मी त्यांना तेव्हाच कळवलं. त्यांना वाटलं असेल, विनोद आहे.

साईटच्या आधी मी पत्रकं लिहायचे. कॉलेजात आमची छोटी संघटना होती. मुलींच्या वसतिगृहात पाणी नाही, लिही पत्रक. संध्याकाळची शेवटची एस.टी. बंद केली, लिही पत्रक. ज्या छापखान्यात आम्ही जायचो तिथले म्हातारे मालक माझा मजकूर वाचून कपाळाला हात लावायचे. पहिला अर्धा कागद 'आज समाजात' वगैरे. एकदा त्यांनी कागद परत केला आणि म्हणाले, "पोरी, माणूस पत्रक हातात घेतो ते फेकायची जागा सापडंपर्यंत. तेवढ्यात सांग तू कोण, काय म्हणून राहिली आन् त्यानं कुठं यायचं."

माझं सगळं शिक्षण एवढंच. साईटचंही तेच आहे. माणूस फोनवर अंगठा सरकवत असतो. तुम्ही कोण, काय विकता, केवढ्याला, दुकान कुठं, कधी उघडं, फोन कुणाला करायचा, एवढं त्या अंगठ्याच्या आधी त्याच्या डोळ्यांपुढं यायला पाहिजे. फोटो तुमच्याच मालाचे पाहिजेत आणि हलके पाहिजेत, कारण गावाकडं टॉवर कधी असतो, कधी नसतो. जड फोटो उघडेपर्यंत गिऱ्हाईक दुसऱ्याच्या दारात जातं. यात अवघड काय आहे? काहीच नाही. तरी माझं निम्मं आयुष्य हे मान्य करून घेण्यात चाललं आहे, कारण आमच्या लोकांना साईट नको असते. त्यांना चौकातला फ्लेक्स हवा असतो, फक्त फोनमध्ये मावणारा.

धर्माबादच्या एका मिरचीच्या व्यापाऱ्यांचं सांगते.

"शेटजी, पत्ता काय टाकू?"

"टाका की, धर्माबादला उतरा आन् कुणालाबी इचारा."

"विचारायला माणूस आधी धर्माबादला उतरला पाहिजे ना. तो तिकडं नागपुरात बसून बघतोय."

"मंग करंल की फोन."

"बरं, भाव?"

"भाव लिवतेत व्हय कुठं? भाव बोलायचा असतो ताई. लिवला की शेजारचा त्याच्याखाली लिवतो."

"मग मिरचीचे फोटो तरी द्या."

"मिरची काय, समद्यांनी बघितलेली हाय. हे घ्या फोटो."

फोटो आले. एक पुढारी, त्यांच्या खाली शेटजी, शेटजींच्या खाली ओळीनं सगळे पुतणे, पांढरे कपडे, हात जोडलेले. मी भांडले, ते ऐकले नाहीत, साईट त्यांची, मी केली. पुढं पुढाऱ्यांनी पक्ष बदलला तेव्हा शेटजींचा फोन आला, "ताई, त्यो वरचा फोटो तेवढा काढा, दुसरा पाठवतो." मिरचीचा फोटो अजून आलेला नाही.

हे हसण्यावारी नेता येतं. लातूरच्या क्लासवाल्या सरांचं मला हसण्यावारी नेता आलं नाही. लातुरात क्लासची साईट म्हणजे वर आलेल्या पोरांचे चेहरे. सरांनी पाठवलेल्या फोटोंत एक मुलगी होती. तीच मुलगी, तोच फोटो, मी दुसऱ्या एका क्लासच्या साईटवर पाहिला होता.

"सर, ही तुमच्याकडं होती?"

"आमची टेस्ट दिली होती तिनं."

"एक टेस्ट?"

"एक का होईना, दिली ना?"

"तिच्या घरी विचारलंत?"

"अहो म्याडम, फोटो पेपरात आला. पेपरात आलेलं माणूस सगळ्यांचं असतं."

मी नाही म्हणाले. सर रागावले नाहीत, उलट समजुतीनं बोलले, "तुमी नाही केलं तर तुमच्या खालच्या मजल्यावरचा करंल. फजूल गिऱ्हाईक घालवून राहिल्या." खालच्या मजल्यावरच्या साईटवाल्यानं केलं. साईट जोरात चालू आहे. त्या मुलीनं रात्रंदिवस जो अभ्यास केला त्याच्या बळावर तिला कधीही न शिकवलेल्या माणसाच्या बाकांवर पोरं बसतात. दुसऱ्याच्या कष्टाचा चेहरा वर आणि खाली आपला नंबर, ही युक्ती मी पहिल्यांदा लातुरात पाहिली. मुखेडला ती पुन्हा भेटेल असं वाटलं नव्हतं.

मुखेडजवळच्या एका गावातून अनुसयाताई आल्या. सोबत त्यांचे दीर बालाजीराव. ताई येसर करतात. ज्यांना येसर माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: गहू, बाजरी, हरभऱ्याची डाळ वेगवेगळी खरपूस भाजायची, मसाला भाजायचा, सगळं एकत्र दळायचं. त्या पिठाची झणझणीत आमटी होते. आमच्याकडं लग्नाच्या पंगतीत भातावर येसरची आमटी नसली तर पाव्हणे नावं ठेवतात. ताई मुखेडच्या आठवडी बाजारात पोतं अंथरून येसर विकायच्या. बाजारातून पुण्याला, हैदराबादला नोकरीवर गेलेल्या पोरांच्या पिशव्यांत ते जायचं, आणि संपलं की तिकडून निरोप यायचा. ताईंचं म्हणणं सरळ होतं, "निरोप चार तोंडातनं येतो तवर बाजार उठून जातो. मला त्यायचा फोनच यावा."

मला ही बाई पहिल्या मिनिटाला आवडली. एवढं स्पष्ट मागणं घेऊन कुणी येत नाही.

बालाजीराव गावात पुढारपण करतात. त्यांनी पिशवीतून एक तसबीर काढून टेबलावर ठेवली. "हे आमचे दादा. वर यांचा फोटो पाहिजे. खाली लिवा, आमचे प्रेरणास्थान."

ताईंनी तसबिरीकडं पाहिलं. "मामंजीला येसर चालायचं न्हाई. पित्त व्हायचं त्यायला."

"वहिनी, इथं घरचं काढू नका."

"मी काय काढून राहिले? तुमीच पिशवीतनं काढलं."

मी हसले. बालाजीराव हसले नाहीत. मी त्यांना छापखान्यातल्या आजोबांचं सगळं सांगितलं. माणसाला येसर हवंय, ते भाजणारा हात दाखवा, कढई दाखवा. शेवटी दादा खाली गेले आणि वर ताई आल्या, चुलीपुढं, कपाळावर घाम, हातात उलथनं. नाव दिलं 'अनुसयाताईंचं येसर'. पाकिटाचे भाव लिहिले. पार्सल कोणत्या दिवशी निघतं ते लिहिलं. उरला नंबर.

"माझा टाका," बालाजीराव म्हणाले.

"माझा," ताई म्हणाल्या.

"बाईमाणसाचा नंबर जगाला द्यायचा व्हय? कोणबी कायबी बोलंल."

"येसर मी भाजते. इचारणारा मलाच इचारणार ना? तुमाला बाजरी किती भाजायची ते तरी ठाऊक हाय का?"

मी तिथं भाषणच ठोकलं. संघटनेत असताना ठोकायचे तसं. बालाजीराव म्हणाले, "करा तुमच्या मनानं, पण मंग माझ्याकडं येऊ नका." ताईंचा नंबर गेला. साईटचं नाव दरवर्षी भाड्यानं घ्यावं लागतं, ते कुणाच्या नावावर आहे तो मालक. मी ते ताईंच्या नावावर घेतलं, चाव्या, म्हणजे पासवर्ड, त्यांच्याच फोनवर दिल्या. नवऱ्याच्या, दिराच्या, पोराच्या नावावर काहीही नाही. बाहेर पडताना ताई म्हणाल्या, "मंग आता ही माझीच?" मी म्हणाले, "तुमचीच."

साईट चालली. मी केलेल्या सगळ्यांत ती सर्वांत चांगली चालली. 'येसर' असं शोधलं की पहिली तीच यायची. हे आपोआप होत नाही. लोक काय विचारतात ते ताईंना विचारून मी तेच लिहिलं होतं. कढीपत्ता असतो का, किती दिवस टिकतं, आमटीत गुठळ्या का होतात. उत्तरं ताईंच्याच बोलण्यातली. गुठळ्यांचं उत्तर असं होतं: "थंड पाण्यात आधी कालवा, उकळत्यात एकदम ओतू नका, घाई कशाची हाय?" लोक तेवढं वाचायला यायचे आणि पाकीट मागवून जायचे.

घाणेरडे फोनही आले. ते लपवण्यात अर्थ नाही, बाईचा नंबर दिसला की येतातच. ताईंनी मला सांगितलं ते हसत हसत. "एक जण मनला, आवाज लई गोड हाय. म्या मनलं, लेकरा, आईला दे बरं फोन, तिला येसर पायजे का इचारते. ठिवून दिला." पण एक फोन नेमका जेवणाच्या वेळी आला, घरात सगळे बसलेले असताना. तेवढं निमित्त पुरलं.

त्यानंतर ताईंच्या फोनवरचा टॉवर गेला.

आमच्या भागात टॉवर जाणं म्हणजे वीज जाण्यासारखं, त्याची कुणी तक्रार करत नाही. ताईंनी फोन खिडकीत ठेवून बघितला, गच्चीवर नेऊन बघितला, शेवटी लिंबाच्या झाडाला पिशवीत टांगला. शेजारणीच्या फोनला रेंज होती. ताईंना वाटलं, तिची कंपनी वेगळी असंल. बाजारच्या दिवशी एक ओळखीचा पोरगा म्हणाला, "मावशी, परवा पुण्याहून फोन लावला तर बालाजीदादांनी घेतला." तेव्हा कळलं.

सिम बालाजीरावांच्या नावावर होतं. घरातली सगळी सिमं त्यांच्याच आधार कार्डावर काढलेली, सासूबाईंचं, ताईंचं, सगळ्यांचं. आमच्याकडं असंच असतं. बायांनी दुकानात जाऊन अंगठा कशाला द्यायचा, घरचा कर्ता आणतो की. फोन ताईंच्या कमरेला, नंबर ताईंच्या तोंडपाठ, आणि मालक दीर. ते मुखेडला गेले, दुकानदाराला म्हणाले सिम हरवलं, त्याच नंबरचं नवं घेतलं. त्यात गैर काही नाही, कायद्यानं त्यांचंच होतं. पासवर्ड बदलायचा तर त्याच नंबरवर आकडे येतात. ते आले, त्यांनी बदलला. ताईंच्या नावावर मी घेतलेलं सगळं त्या नखाएवढ्या तुकड्यावरून दिराच्या खिशात गेलं.

मी गावात गेले. तडक घरी. बालाजीराव ओसरीवर होते, त्यांनी मला चहा सांगितला. हेच मला सहन होत नाही, ही माणसं चहा सांगतात.

"साईट परत करा," मी म्हणाले.

"कोणाला परत करू? घरातच हाय की."

"नंबर ताईंचा आहे."

"बिल माझ्या नावानं हाय. इचारा दुकानात." मग आवाज बारीक करून म्हणाले, "ताई, तुमी शहरातल्या. रातच्याला वहिनीला घाण फोन आला तर तुमी येणार हाव का हितं? घराची इज्जत मला बघावी लागती."

"मग इज्जतीसाठी फोन घेता, तर येसर कुणाचं पाठवून राहिलात?"

त्यांनी चहाचा कप माझ्याकडं सरकवला. ताईंनी येसर भाजणं बंद केलं होतं. भांडण नाही, आदळआपट नाही, नुसती कढई पालथी घातली. बालाजीराव आता कुठल्या तरी गिरणीतून तयार पीठ आणून त्याच नावानं पाठवत होते. मी ते पाकीट उघडून पाहिलं. रंग बरोबर, वास काहीच नाही. साईटवर फोटो मात्र ताईंचाच, घाम, उलथनं, चूल. दादांना त्यांनी वर आणलं नव्हतं. दादांच्या नावानं पीठ खपत नाही, हे तोवर त्यांना कळलं होतं.

साईटवर खाली लोकांनी लिहायला सुरुवात केली होती. 'पहिल्यासारखं राहिलं नाही.' 'ताई, तुम्ही पण बदललात.'

हे दुसरं वाक्य मी ताईंना दाखवलं. दाखवायला नको होतं म्हणतात सगळे. का नको? नाव त्यांचं घाण होत होतं. त्यांनी दोनदा वाचलं आणि म्हणाल्या, "मी कवा बदलले?" एवढंच.

मग आम्ही काय काय केलं ते थोडक्यात. ताई एकट्या मुखेडला गेल्या आणि स्वतःच्या आधारवर सिम घेतलं. आयुष्यातलं पहिलं. मी नवी साईट केली, पैशाचं नाव काढलं नाही. पुन्हा कढई, पुन्हा घाम, पुन्हा गुठळ्यांचं उत्तर. पण आता 'येसर' शोधलं की पहिली जुनीच येते. ती जुनी आहे, लोकांनी तिला ओळखलेलं आहे, ती मी जीव लावून बांधली आहे. नवी तिच्या पायाशी कुठंतरी. नव्या साईटवर ताईंचा फोटो बघून एकानं विचारलंही, "तुम्ही त्या खऱ्या अनुसयाताईंची नक्कल करून राहिल्या का?" माझ्या हातचं काम माझ्याच आडवं उभं आहे आणि मला ते ढकलता येत नाही. तक्रार करायला गेलो तर पहिला प्रश्न, नंबर कुणाच्या नावावर? दुसरा प्रश्न, घरातलंच हाय ना मंग?

शेवटी मी माझ्या मूळ धंद्यावर आले. पत्रक लिहिलं. कितीतरी वर्षांनी. मथळा असा दिला: 'सावधान! दिरानं वहिनीचं नाव चोरलं!' खाली सगळी हकीकत, नावागावानिशी. ताईंनी वाचून घेतलं आणि कागद माझ्या पुढ्यात ठेवला.

"दीर काढा यातनं."

"ताई, मग उरलं काय? तोच तर मुद्दा आहे!"

"तुमाला नांदेडला जायचं हाय. मला त्याच घरात भाकरी टाकायची हाय."

"म्हणजे त्यांनी चोरी करायची आणि आपण झाकायची?"

"झाका कोण मनलं? येसर कुठं भेटंल ते लिवा. त्या म्हाताऱ्यानं तुमाला तेच शिकवलं ना?"

मी भांडले. मी अजूनही म्हणते, दीर ठेवायला पाहिजे होता. पण पत्रक त्यांचं होतं. मग ते असं झालं: 'मी अनुसया. येसर मी स्वतः भाजते. मुखेडच्या बाजारात बसते. पाहिजे असेल तर या नंबरवर मीच बोलते.' खाली नवा नंबर, ठळक. एवढं सुटसुटीत पत्रक मी आजवर लिहिलं नव्हतं आणि एवढं बुळबुळीतही.

बाजारच्या दिवशी आम्ही दोघींनी ते वाटलं. मी स्टँडवर, पुण्याच्या गाड्यांपाशी. बहुतेकांनी घडी करून खिशात घातलं, काहींनी त्यात शेंगदाणे घेतले. मग मी ताईंच्या पोत्यापाशी येऊन बसले. समोर भाजलेल्या पिठाचा वास, बाया चिमूट तोंडात टाकून बघत होत्या, ताई वजन करत होत्या. तेवढ्यात त्यांच्या कमरेचा फोन वाजला. नव्या नंबरवर. ताईंनी हात लुगड्याला पुसले आणि फोनचा आवाज मोठा केला, मला ऐकू यावा म्हणून.

"हॅलो, येसरवाले का?" पुरुषाचा आवाज. बोलणं पुण्याचं, पण मूळ आमच्याकडचं. "गावाकडून पत्रकाचा फोटो पाठवला बहिणीनं."

"हाव. बोला."

"जरा मालकांना द्या फोन. मोठी ऑर्डर आहे, लग्नाची."

"मालकीणच बोलून राहिली. सांगा, किती पायजे?"

"तसं नाही हो मावशी, व्यवहाराचं बोलायचंय. घरात कोणी असेल ना, मुलगा, दीर?"

"येसर मी भाजते बापू. व्यवहार बी मीच करते. लगीन कवा हाय?"

"बरं, राहू द्या. मालक आले की करतो."

ठेवला. तो माणूस वाईट नव्हता. आवाजात अदब होती, मावशी म्हणाला. पत्रकात जे असावं ते सगळं त्याच्या पुढ्यात होतं, नाव, माल, जागा, नंबर. मी आणखी काय लिहिलं असतं म्हणजे तो थांबला असता, हे मला आजही कुणी सांगितलेलं नाही.

ताईंनी फोन कमरेला खोचला आणि माप उचललं.

"करंल पुन्हा," त्या म्हणाल्या. "लगीन हाय घरात. येसर दुसरीकडं कुठं भेटणार हाय त्याला?"

कुठं भेटणार ते मला माहीत होतं. शोधलं की पहिलं तेच येतं, वर ताईंचा घामेजलेला फोटो आहे आणि तिथं फोन बालाजीराव उचलतात.